आधी पंखा बंद करा

रिमोटचं हेलिकॉप्टर स्वतःसाठी विकत घेणारा प्रौढ मराठी माणूस अजून जन्माला यायचाय. दुकानात येणारा प्रत्येक जण ते दुसऱ्या कोणासाठी तरी घेत असतो. मुलासाठी, भाच्यासाठी, झालंच तर मेव्हण्याच्या मुलाच्या मुंजीत द्यायला. दुकानदार नेमाने विचारतो, "मुलगा केवढा आहे, साहेब?" आणि साहेब क्षणभर गडबडतात, कारण घरून निघताना मुलाचं वय ठरवायचं राहून गेलेलं असतं. "असेल आठ-नऊ वर्षांचा," असं उत्तर येतं. "पण हुशार आहे हं," ही पुरवणी लगेच जोडली जाते, कारण तोवर नजर वरच्या फळीवरच्या मोठ्या खोक्यावर गेलेली असते. त्या खोक्यावर 'वय १४ वर्षे आणि पुढे' असं छापलेलं असतं. पुढे म्हणजे किती पुढे ते छापलेलं नसतं, आणि या धंद्याचं सगळं पोट त्या 'पुढे'वर चालतं.

मी या विषयातला जाणकार आहे असा एक समज आमच्या ओळखीपाळखीत पसरला आहे. आधार इतकाच, की आमच्या कपाटावर निरनिराळ्या आकारांची हेलिकॉप्टरं बसलेली लोकांनी पाहिली आहेत. त्यातली उडणारी किती हे विचारण्याचा चोंबडेपणा आजवर कोणी केलेला नाही. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीच्या आधी सल्ला विचारणारे फोन येतात. सल्ला मी दरवेळी एकच देतो आणि तो कोणीही ऐकत नाही. पुण्यात सल्ला न ऐकणं हा अपमान धरत नाहीत. न विचारणं हा धरतात.

"विमान घे ना त्यापेक्षा," असं मी सुरुवातीला म्हणून पाहतो. हलक्या फोमचं विमान शिकायला सोपं, पडलं तर डिंकाने चिकटतं, आणि स्टिकवरून हात काढला तरी चार क्षण आपल्या वाटेने सरळ जातं. पण विमानाचं नाव काढताच समोरचा माणूस हिरमुसतो. तो ज्या मुलखात वाढला, तिथे विमान ही लांबून दिसणारी एक पांढरी रेघ असते आणि हेलिकॉप्टर ही साक्षात जत्रा असते. निवडणुकीच्या दिवसांत तालुक्याच्या गावी शाळेच्या मैदानावर चुन्याने भलामोठा गोल आखतात, मैदानावर टँकरने पाणी मारतात, आणि सभा बाराची असली तरी माणसं नऊपासून कुंपणावर चढून बसतात. पाहुणे भाषणात काय बोलले हे संध्याकाळी कोणाला आठवत नाही. धुरळा केवढा उडाला, मांडवाचं कापड कुठून फाटलं आणि सरपंचांची टोपी कोणाच्या शेतात सापडली, हे मात्र पुढच्या निवडणुकीपर्यंत चवीने सांगितलं जातं. आता तर नवरदेवसुद्धा हेलिकॉप्टरमधून येतात. वऱ्हाड मागून टेम्पोने येतं. एवढं पाहून मोठा झालेला माणूस फोमचं विमान घेऊन घरी जाईल ही अपेक्षाच चूक.

वास्तविक या बाबतीत राइट बंधूंचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखं आहे. १८७८ साली त्यांचे वडील मिल्टन राइट यांनी परगावाहून येताना विल्बर आणि ऑर्व्हिल या दोघांसाठी एक खेळणं आणलं होतं. रबराच्या पिळावर उडणारं ते चिमुकलं हेलिकॉप्टर होतं, आल्फाँस पेनो नावाच्या फ्रेंच माणसाच्या कल्पनेवर बेतलेलं. ते यथावकाश मोडलं. मग पोरांनी तसंच दुसरं बनवलं, मग आणखी मोठं, मग त्याहून मोठं, आणि त्यांच्या ध्यानात आलं की जितकं मोठं करावं तितकं ते कमी उडतं. म्हणजे 'मोठं घेतलं की चांगलं उडतं' हा समज राइटांच्या घरी एकोणिसाव्या शतकातच निकालात निघाला होता. आपल्याकडे तो अजून दर रविवारी नव्याने दुकानात येतो. शिवाय हेही पाहा, की पहिलं खेळणं हेलिकॉप्टर मिळूनसुद्धा १९०३ साली त्या शहाण्या पोरांनी उडवलं ते विमान.

हेलिकॉप्टरचं दुखणं न्यूटनपासून सुरू होतं. डोक्यावरचं मोठं पातं एका दिशेने फिरलं की खालचं धूड उलट दिशेने फिरू पाहतं. त्याला धरून ठेवायला शेपटीवर उभा छोटा पंखा लावतात. आता वरच्या पंख्याचा जोर वाढवला की धूड जास्त जोराने वळू पाहणार, म्हणून शेपटीच्या पंख्याचा जोर वाढवायचा. तो वाढवला की त्याच्या रेट्याने अख्खं यंत्र बाजूला सरकणार, म्हणून वरचा पंखा किंचित कलवायचा. तो कलला की उचल कमी होणार, म्हणून पुन्हा जोर वाढवायचा. इथून सगळं पहिल्यापासून. इगोर सिकोर्स्की यांनी १९३९ साली अमेरिकेत आपलं व्हीएस-३०० हे यंत्र प्रथम जमिनीवरून उचललं, तेसुद्धा दोरखंडांनी बांधून. पुढे दोर सोडल्यावरही बराच काळ अशी परिस्थिती होती, की ते मागे छान जायचं, बाजूलाही छान जायचं, फक्त पुढे जायला कुरकुर करायचं. सिकोर्स्कींसारख्या माणसाची ही गत असेल, तर हडपसरच्या एखाद्या सदनिकेत, चार बाय दहाच्या बाल्कनीत, चहा घेता घेता हे जमेल असं मानणाऱ्याच्या आत्मविश्वासाला नमस्कार करावा लागतो.

आता माझा सल्ला. पहिलं हेलिकॉप्टर दोन मजल्यांचं घ्यावं. म्हणजे एकाच दांड्यावर वर-खाली दोन पाती, एक सुलट फिरणारं आणि एक उलट. दोघांचा पीळ आपसात फिटतो आणि खालचं धूड निमूट एका जागी राहतं. याला 'कोअ‍ॅक्सियल' म्हणतात. दिसायला ते जरा बावळट असतं हे मान्य. आकाशात खऱ्या हेलिकॉप्टरला सहसा एकच पंखा दिसतो, आणि "हे खेळण्यातलं वाटतं" अशी तक्रार घेऊन लोक माझ्याकडे येतात. खेळण्यातलंच आहे, असं मी त्यांना सांगतो. त्याने समाधान होत नाही. मग गोव्याचा दाखला देतो. दाबोळीला आपल्या नौदलाची कामोव्ह हेलिकॉप्टरं आहेत, त्यांना अशीच दोन मजली पाती असतात, आणि ती काही नौदलाने भाच्यासाठी घेतलेली नाहीत.

तरीही कोणी नाक मुरडलंच तर माझ्याकडे पुणेकरांसाठी राखून ठेवलेला एक हुकमी एक्का आहे. कोराडिनो द'आस्कानियो नावाचे एक इटालियन इंजिनीअर होते. १९३० साली त्यांनी असंच दोन मजली हेलिकॉप्टर बनवलं आणि रोमजवळ जगातले विक्रम केले. उंची १८ मीटर, हवेत राहण्याचा काळ ८ मिनिटं ४५ सेकंद. आजच्या हजार-दीड हजाराच्या खेळण्याची बॅटरी साधारण तेवढीच टिकते, त्यामुळे आपण विक्रमाच्या तोडीचं उड्डाण करतो आहोत असं मानायला जागा आहे. पुढे महायुद्ध झालं, इटलीत विमानांचा धंदा बसला, आणि पिआजिओ कंपनीने याच द'आस्कानियोंना एक स्वस्त दुचाकी काढायला सांगितली. त्यांना मोटरसायकलचा मनस्वी तिटकारा. साखळीचं ग्रीस कपड्यांना लागतं, बसताना टांग टाकावी लागते, चाक काढायचं तर मारामारी. म्हणून त्यांनी या सगळ्या कटकटी टाळणारी गाडी काढली. ती १९४६ सालची व्हेस्पा. तीच पुढे परवान्याने आपल्या बजाजने बनवली, आणि परवाना संपल्यावर १९७२ पासून आकुर्डीहून 'चेतक' निघू लागली. म्हणजे आपल्या वडिलांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून घेतलेली आणि थंडीत आडवी केल्याशिवाय चालू न होणारी ती स्कूटर आणि हे दोन पंख्यांचं हेलिकॉप्टर एकाच वंशातलं. योगायोग असा, की हिंदुस्तान एरोनॉटिक्स ज्या फ्रेंच बनावटीच्या हेलिकॉप्टरची बांधणी करत आली, त्याचंही नाव चेतकच. हे सगळं ऐकल्यावर पुणेकर विरघळतो. "मग हेच घेतो," म्हणतो आणि जाऊन दुसरंच घेतो.

दुसरं घेण्याचं कारण म्हणजे चॅनल. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ३ चॅनल, ४ चॅनल, ६ चॅनल असं लिहिलेलं असतं. जास्त चॅनल म्हणजे जास्त करमणूक ही सवय आपल्याला केबलवाल्याने लावून ठेवली आहे. तीन चॅनलवाल्याच्या दुप्पट पैसे दिले तर सहा मिळतात, मग तीन कशाला घ्या, हा हिशेब मध्यमवर्गात कोणालाही पटतो. प्रत्यक्षात एकेक चॅनल म्हणजे आपल्या अंगावर पडलेली एकेक जबाबदारी असते. तीनमध्ये वर-खाली जाणं, पुढे-मागे जाणं आणि तोंड वळवणं एवढंच येतं. बाजूला सरकणं त्याला जमत नाही, आणि जमत नाही तेच बरं. सायमाचं एस १०७ या नावाचं जे छोटं हेलिकॉप्टर घरोघरी पोचलं, ते या जातीचं. चार चॅनल म्हटले की सहसा एकच पातं येतं, बाजूला सरकणं येतं, आणि स्टिक मधोमध सोडली म्हणून यंत्र मधोमध राहील ही हमी जाते. त्याला एका जागी तरंगत ठेवणं म्हणजे ताटात गोटी ठेवून ती मध्यावर राखण्याचा प्रकार असतो. सहा चॅनलमध्ये पात्याचा कोनच उडता उडता बदलता येतो, आणि त्यामुळे हेलिकॉप्टर उलटं, पाय वर करूनही उडतं. नवशिक्याला या सोयीचं फार आकर्षण असतं. वास्तविक उलटं होण्याची सोय तीन चॅनलवाल्यातही आहे, फक्त ती जमिनीवर आल्यावर मिळते.

लहान हेलिकॉप्टरच्या डोक्यावर आणखी एक आडवी दांडी असते, दोन टोकांना वजनं लावलेली. पाहुण्यांची मुलं ती एरियल समजून सरळ करायला जातात. ती फ्लायबार. आपल्या वजनाने गरगरत राहून ती पात्याला कलू देत नाही. आर्थर यंग यांनी अमेरिकेत बेल कंपनीच्या हेलिकॉप्टरांना अशीच दांडी बसवली होती, आणि १९४६ साली नागरी वापराचा दाखला मिळवणारं जगातलं पहिलं हेलिकॉप्टर, बेल ४७, तिच्याच आधाराने स्थिर उडालं. महागड्या मॉडेलांत आता दांडी जाऊन तिच्या जागी जायरोचं इलेक्ट्रॉनिक डोकं आलंय. नवशिक्याने दांडीवालंच घ्यावं. दांडी वाकली तर दिसते. इलेक्ट्रॉनिक डोकं बिघडलं तर ते आपलं बिघडलंय की त्याचं, हेच कळत नाही.

हे सगळं फोनवर सांगून झालं की समोरून ठरलेला प्रश्न येतो, "पण उडतं कसं?" दुचाकी घेताना आपण 'अ‍ॅव्हरेज किती देते' हे विचारतो, तसंच इथे 'किती उंच जातं', 'किती लांब जातं' हे विचारतात. कोणीही एक प्रश्न विचारत नाही, आणि माझ्या मते दुकानात तो एकच विचारायचा असतो. ते पडतं कसं? कारण पहिलं हेलिकॉप्टर उडण्यात फार वेळ घालवत नाही. त्याचं आयुष्य पडण्यात, पडलेलं असण्यात आणि सोफ्याखालून काढलं जाण्यात जातं. हा मुख्य वेळ ते कसा घालवतं, हे पाहून निवड करायला हवी.

चाळीसएक ग्रॅमचं दोन मजली हेलिकॉप्टर फार सभ्यपणे पडतं. दाराला आपटतं, टप्पकन खाली येतं, पाती लवचिक असल्यामुळे मुडपून पुन्हा सरळ होतात, आणि घरचे "बघू, बघू" म्हणेपर्यंत आपण ते पुन्हा उभं केलेलं असतं. आता वरच्या फळीवरच्याचं पाहा. छंदवाले ज्याला ४५० चा वर्ग म्हणतात, त्याची पाती प्रत्येकी ३२५ मिलिमीटरच्या आसपास असतात आणि मिनिटाला अडीच हजारांच्या घरात फिरतात. गणित मांडलं तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर निघतो. वंदे भारत एक्स्प्रेस ताशी १६० ला धावते, आणि तिच्याही जवळ आपण कोणाला उभं करत नाही. याहून मोठ्या वर्गातल्या पात्यांनी माणसं दगावली आहेत, म्हणून जाणते लोक ते मोकळ्या मैदानात, आपल्यापासून बरंच लांब उडवतात. ते पडतं तेव्हा पाती मोडतात, दांडा वाकतो, दात्यांचं चाक झिजतं, शेपटी तुटते, आणि पुढचे दोन रविवार माणूस भिंग लावून, तोंडात स्क्रू धरून बसतो. त्या अवस्थेत त्याच्याशी बोलता येत नाही.

म्हणून दुकानात दुसरा प्रश्न, सुटे भाग मिळतात का. तुळशीबागेत खेळणं झकास मिळतं, दरही उतरवून मिळतो, पण पातं मोडल्यावर तिथे परत गेलात तर "नवीनच घ्या की" असं मायेने सांगतात. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर मोटारी, वायरी, कनेक्टर सगळं मिळेल, पण पात्याचं पुडकं त्याच मॉडेलचं लागतं. हेलिकॉप्टर घेतानाच पात्यांचे दोन-तीन जोड आणि शेपटीचा एक पंखा बरोबर घ्यावा. असं सांगितलं की लोक दुखावतात. लग्न ठरवतानाच घटस्फोटाचा वकील बघण्याचा अभद्रपणा मी करतोय असा त्यांचा चेहरा होतो.

आता घर. या खेळण्यांची माहितीपत्रकं ज्यांनी लिहिली, त्यांच्या घरांना छताचा पंखा नसावा. पत्रकात मांजर, लहान मूल, पाणी, विजेच्या तारा, सगळ्यांपासून जपायला सांगतात. पंख्याचा उल्लेख नाही. आपल्या दिवाणखान्यात मात्र वर तीन पात्यांचा तो बाप गरगरत असतो आणि खाली हे पोर उडायचं असतं. पंखा चालू असेल तर त्याचा झोत चाळीस ग्रॅमच्या यंत्राला जमिनीवरून उठूच देत नाही. कसंबसं उठलंच आणि पंख्याच्या वर गेलं, तर पुढचं वर्णन लहान मुलांसमोर करू नये. म्हणून पहिला नियम, आधी पंखा बंद. आणि सुट्ट्या असतात मे महिन्यात. एका माणसाच्या हौसेसाठी घरातल्या सहा जणांनी घामाघूम होऊन सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचं, या व्यवस्थेला लोकशाहीत फार दिवस पाठिंबा मिळत नाही. पंखा बंद झाला की आई पदराने वारा घेत विचारतात, "अजून किती वेळ आहे याचं?"

दुसरा शत्रू ऊन. स्वस्त हेलिकॉप्टरचा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखाच अवरक्त किरणांवर चालतो. बाल्कनीतून कडक ऊन आत येत असेल तर हेलिकॉप्टरला आपला हुकूम दिसत नाही आणि ते भलतीकडे जातं. त्यामुळे पडदे ओढायचे. म्हणजे दुपारी बारा वाजता, पंखे बंद करून, पडदे ओढून, ट्यूब लावून एक गृहस्थ घरात काय करतात, असा प्रश्न समोरच्या विंगमध्ये उपस्थित होतो. रेडिओ लहरींवर, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्याला उन्हाची अडचण नाही, पण ते घेऊन माणूस लगेच गच्चीवर जातो. गच्चीवर वारा असतो. आमच्याकडच्या एका गच्चीवरून उडालेलं हेलिकॉप्टर मागच्या शाळेच्या पत्र्यावर उतरलं, आणि ते काढून देण्यासाठी शिपाईमामांनी जी रक्कम सांगितली तीत नवीन आलं असतं.

जमिनीपासून वीतभर उंचीवर तर आणखी गंमत. पात्याने खाली ढकललेली हवा जमिनीवर आपटून परत वर येते आणि यंत्र डगमगतं. नवशिका घाबरून तिथेच, गुडघ्याएवढ्या उंचीवर, सगळं शिकायचा प्रयत्न करतो. खरं तर थोडं वर, छातीच्या उंचीला गेलं की ते शांत होतं. पण हे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत तो नसतो, कारण त्या वेळी घरचे सूचना देत असतात.

या सूचनांचं एक स्वतंत्र प्रकरण होईल. हेलिकॉप्टर शिकताना त्याची शेपटी आपल्याकडे ठेवायची असते, म्हणजे त्याचं डावं ते आपलं डावं राहतं. ते आपल्याकडे तोंड करून आलं की त्याचं डावं आपलं उजवं होतं आणि मेंदूतली सगळी वायरिंग उलटी करावी लागते. अनुभवी उडवणाऱ्यांनाही समोरासमोर तरंगवणं जमायला महिने लागतात. नेमक्या त्या क्षणी सोफ्यावरून "डावीकडे! अहो, डावीकडे!" असा पुकारा होतो. कोणाच्या डावीकडे हे कोणी सांगत नाही. गृहस्थ जो निर्णय घेतात तो चुकीचा ठरतो आणि हेलिकॉप्टर पडद्यात शिरतं. मग खरी परीक्षा. पडायला किंवा अडकायला लागलं की थ्रॉटल शून्यावर आणायचं, बस. पण माणूस ते वाढवतो. संकटात सापडलेल्याला सोडून देणं आपल्या संस्कारात बसत नाही, म्हणून तो आणखी जोर लावतो, पाती पडद्याचा पीळ घालतात, मोटार तापते आणि जळका वास येतो. नेमका हा वास स्वयंपाकघरापर्यंत पोचतो. एरवी गॅसवरचं दूध उतू गेलेलं कोणाला कळत नाही.

यावर एक उपाय आहे. संगणकावर सिम्युलेटर मिळतो, खरा रिमोट जोडून त्याच्यावर हवं तितकं आपटावं, खर्च शून्य. एकपाती हेलिकॉप्टर घेण्याआधी तर हे करावंच. दुसरा उपाय पायांना लांब काड्यांची फुली बांधून टोकांना टेबल टेनिसचे चेंडू लावायचे, म्हणजे ते कलंडत नाही. हे दोन्ही लोक करत नाहीत. पहिल्यात मजा नाही, दुसऱ्यात इज्जत नाही.

रंगाबद्दल कोणी विचारत नाही, पण सांगतो. पुढचा भाग एका भडक रंगाचा आणि शेपटी दुसऱ्या, असं असावं, म्हणजे तोंड कुठे ते लांबून कळतं. दुकानात हमखास काळं उचललं जातं. लष्करी दिसतं म्हणे. संध्याकाळी पाण्याच्या टाकीच्या पार्श्वभूमीवर ते इतकं लष्करी होतं की उडवणाऱ्यालाही दिसत नाही.

बॅटरीचं थोडक्यात. ती लिथियम-पॉलिमरची असते, भरली की सेलमागे ४.२ व्होल्ट. पूर्ण निपचित होईपर्यंत वापरली की खराब होते, फुगली की फेकायची, आणि चार्जिंगला लावून सिनेमाला जायचं नाही. सात-आठ मिनिटं उडायचं आणि पाऊण तास चार्ज व्हायचं, हे प्रमाण घरातल्यांना मानवतं. त्या पाऊण तासात पंखा चालू असतो.

कायद्याचंही एक आहे. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र 'नॅनो' धरलं जातं आणि त्याला उडवण्याचा परवाना लागत नाही. म्हणजे आपलं चाळीस ग्रॅमचं निर्धास्त. विमानतळाच्या आसपास मात्र आकाशावरही हद्दी आखलेल्या असतात आणि लोहगाव तर वायुदलाचा तळ, तेव्हा त्या बाजूला राहणाऱ्यांनी मोठं काही घेऊन मैदानात जाण्याआधी नकाशा पाहावा. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं मत विचाराल तर २५० ग्रॅम ही मर्यादाही फार सैल आहे.

एवढं सगळं ऐकून घेतल्यावर हल्ली नवा प्रश्न येतो. "मग ड्रोनच का घेऊ नये?" प्रश्न बरोबर आहे. चार पंख्यांचं ते यंत्र आपलं आपण तरंगतं, स्टिक सोडली की जागच्या जागी उभं राहतं, बॅटरी संपत आली की काहींना घरी परतण्याचीही बुद्धी होते. कुठल्याही मंगल कार्यालयात पाहा. ड्रोनवाला पोऱ्या एका हातात रिमोट आणि दुसऱ्या हातात जिलबीची प्लेट घेऊन उभा असतो, आणि ड्रोन वर आज्ञाधारकपणे अक्षता पडण्याची वाट पाहत असतो. नवशिक्याला उडवल्याचं समाधान पहिल्याच दिवशी मिळतं. दुसऱ्या दिवशी करायला काही उरत नाही.

हेलिकॉप्टरवाल्याला जिलबी खाता येत नाही. त्याचे दोन्ही अंगठे, दोन्ही डोळे आणि अर्धवट सोडलेला श्वास त्या सात मिनिटांत गुंतलेला असतो. नाकावर डास बसला तरी तो तसाच बसू द्यावा लागतो. फोन वाजला तर वाजू द्यायचा. ऑफिसचा निरोप, भिशीचा हिशेब, पार्किंगचा वाद, यातलं काही त्या वेळात माणसाला शिवू शकत नाही, आणि कोणी काही विचारलं तर उत्तर देणं शारीरिकदृष्ट्या अशक्य असतं. मोठं यंत्र घेण्याच्या बाजूने हा मुद्दा मी एकदा घरी सविस्तर मांडला. सात मिनिटं मी एक अक्षर बोलत नाही, हे आमच्या सौभाग्यवतींनी फार लक्षपूर्वक ऐकलं.

"मोठं कशाला?" त्या म्हणाल्या. "आहे त्यालाच आणखी दोन बॅटऱ्या घ्या ना."